दहा दिवसांचे बाळ आणि डॉ. आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत असताना केव्हा ना केव्हा वाचलेले असते. परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, एवढे एक वाक्य आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि पुढे जातो. ज्यांना वाचनाची गोडी आहे त्यांनी श्री. ज. जोशी यांची १९६८ साली प्रसिद्ध झालेली 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी वाचलेली असते. इतरांनी २०१९ साली आलेला चित्रपट पाहिलेला असतो. त्यातून आपल्या मनावर ठसतो तो विक्षिप्त पण जिद्दी नवरा, समुद्रप्रवास, सनातन्यांचा विरोध आणि शेवटी तो अकाली मृत्यू. हे सारे खरेच आहे. परंतु या चरित्रात आणखी एक व्यक्ती आहे, जिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती अवघे दहा दिवस जगली. प्रस्तुत लेखात मी आनंदीबाईंचे चरित्र सांगणार आहे ते या दहा दिवसांच्या जिवाला मध्यभागी ठेवून. कारण मला असे वाटू लागले आहे की तो जीव जगता, तर कदाचित डॉक्टर आनंदीबाई आपल्याला मिळाल्याच नसत्या.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळचे जमीनदार, पण पुढे उतरती कळा लागलेले. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यातले कारकून, बिजवर आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नीला शिकू द्यावे ही त्यांची लग्नाची अटच होती, आणि हा शिकवण्याचा ध्यास त्यांनी प्रसंगी कठोरपणे, नव्हे निष्ठुरपणेही, चालवला. सासरी यमुनेची आनंदी झाली आणि पाटी-पेन्सिलीशी तिची कायमची गाठ पडली.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. दहा दिवसांनी तो गेला. पुरेशी वैद्यकीय मदत मिळाली असती तर आपले मूल वाचले असते, ही गोष्ट त्या चौदा वर्षांच्या आईच्या मनाने घेतली ती कायमची. त्या काळी मूल जाणे ही घरोघरची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या आरंभीसुद्धा हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांतली दोनशेहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी जे लिहून जाते ते टळत नाही, अशी समजूत घालून आया डोळे पुसत आणि पुन्हा चुलीपुढे बसत. आनंदीबाईंनी ही समजूत मानली नाही. मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे धैर्य हेच वाटते. समुद्र ओलांडणे त्यानंतरचे.

आता थोडे थांबून आपण त्या दहा दिवसांकडे पाहू. लहान मूल इतके सहज का हातचे जाते? मोठ्या माणसाला ज्या आजाराने चार दिवस अंथरूण धरावे लागते, तोच आजार तान्ह्याचा जीव का घेतो? वैद्यकशास्त्राने याची जी उत्तरे दिली आहेत, ती कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही कळावीत इतकी सोपी आहेत.

पहिली गोष्ट उबेची. गंजभर तापवलेले पाणी बराच वेळ गरम राहते, वाटीभर पाणी बघता बघता निवते. नवजात बाळ हे असे वाटीभर पाणी आहे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा, अंगावर चरबी थोडी, आणि मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्ती त्याला नसते. जन्मल्याबरोबर त्याला आंघोळ घातली, ओले ठेवले, तर ते गार पडते. गार पडलेले मूल दूध ओढत नाही. दूध न मिळालेले मूल आणखी गार पडते. हे चक्र काही तासांत पुरे होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. नवजात बाळाच्या वजनाचा सुमारे पाऊण भाग पाणी असते. तीन किलोच्या बाळाच्या अंगातून हगवणीवाटे तीनशे मिलिलिटर पाणी गेले, तर वजनाचा दहावा हिस्सा गेला आणि जीव धोक्यात आला. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून तेवढेच पाणी गेले, तर तो एक पेला पाणी पिऊन कामाला लागतो. शिवाय मोठा माणूस तहान लागली म्हणून सांगू शकतो. बाळ नुसते रडते, आणि जेव्हा खरोखरच अत्यवस्थ होते तेव्हा तर रडतही नाही. घरातली माणसे समजतात, निजले बिचारे!

तिसरी गोष्ट श्वासाची. तान्ह्याची श्वासनलिका चार-पाच मिलिमीटर रुंदीची असते. सर्दीने तिला एक मिलिमीटर सूज आली तरी हवेची वाट निम्म्याहून अधिक बुजते. मोठा माणूस मिनिटाला सोळा-सतरा श्वास घेतो, तर बाळ चाळीस ते साठ. म्हणजे चुलीचा धूर असो की फवारणीच्या औषधाचा वास, वजनाच्या मानाने मूल तो मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त आत घेते. दोन महिन्यांच्या आतील मूल शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचे पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे चाळीस किंवा अधिक, तर ती न्यूमोनियाची खूण समजावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. त्याला यंत्र लागत नाही. घड्याळ आणि मोजता येणारा माणूस पुरतो.

चौथी गोष्ट प्रतिकारशक्तीची. रोगाशी लढणारी द्रव्ये बाळ आईकडून उसनी घेऊन येते. ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून त्याच्याकडे जातात. पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अपुरीच मिळते. उरलेली उणीव आईचा पहिला चीक भरून काढतो. आणि आपल्याकडे कित्येक घरांत नेमका तोच चीक नासका म्हणून पिळून टाकण्याची आणि बाळाच्या तोंडात मध किंवा गुळाचे पाणी घालण्याची चाल होती! ही उसनी शिदोरी पहिल्या सहा महिन्यांत सरत जाते आणि बाळाची स्वतःची कमाई तर नुकतीच सुरू झालेली असते. याच काळात मूल रांगू लागते, जमिनीवरचे जे हाती येईल ते तोंडात घालते, वरचे अन्न खाऊ लागते. म्हणून एका बाजूने कवच झिजते आणि दुसऱ्या बाजूने शत्रू वाढतात.

आणि पाचवी गोष्ट आईच्या वयाची. चौदा वर्षांची आई स्वतःच वाढत असते. तिच्या शरीराला जे अन्न स्वतःच्या हाडामांसासाठी हवे, त्यातच पोटातल्या जिवाचा वाटा निघतो. अशा मातांची मुले अपुऱ्या दिवसांची किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होण्याचा संभव अधिक. कमी वजनाच्या बाळाला वर सांगितलेले चारही धोके दुपटी-तिपटीने भोवतात. त्यातच पूर्वी विळ्याने वा हाताला लागेल त्या पात्याने नाळ कापत, जखमेवर राख किंवा शेण लावत. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत, आणि आठवड्याच्या आसपास बाळाचा जबडा आवळला जाई. आज पाच वर्षांच्या आत जी मुले दगावतात त्यांपैकी जगभरात जवळजवळ निम्मी पहिल्या महिन्यातच दगावतात. आनंदीबाईंचे बाळ गेले ते आयुष्याच्या याच सर्वांत अवघड घाटात.

मूल गेल्यावर नवऱ्याच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा फिरत राहिल्या आणि शिकत राहिल्या. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणासाठी पत्र लिहिले. ते तिकडच्या नियतकालिकात छापले गेले आणि १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले. कोण कुठल्या बाई! पण त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण करून आपण अमेरिकेला का जाणार हे लोकांना जाहीरपणे सांगितले. हिंदू स्त्रीला स्त्री डॉक्टरची गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्याचा आशय होता. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षे पुरे नव्हते. आपल्या महाविद्यालयात अठराव्या वर्षी आपण स्नेहसंमेलनात दोन शब्द बोलायला उभे राहताना घामाघूम होतो, हे आठवून पाहावे.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले. तेथील प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. जपानहून आलेल्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबत काढलेले आनंदीबाईंचे १८८५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. थंडी, शाकाहार, परक्या देशातील एकटेपणा आणि आतून पोखरणारे दुखणे, यांच्याशी झगडत ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हृदय, मेंदू, शस्त्रक्रिया असे कितीतरी विषय त्यांच्यापुढे असतील. त्यांनी निवडला तो बाळंतपणाचा. त्या दहा दिवसांच्या बाळाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण या प्रबंधाच्या विषयात मला ते बाळ दिसते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळच्या वैद्यकशास्त्राचे हातही तोकडेच होते. रोग जंतूंमुळे होतात हे नुकते कुठे पटू लागले होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तो १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षी. धनुर्वाताची लस नव्हती, प्रतिजैविके नव्हती. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियासारख्या श्रीमंत शहरांतही उन्हाळा आला की हगवणीने तान्ही मुले पटापट दगावत. म्हणजे पुढारलेल्या देशांतले मूल जन्मतःच बळकट असते, असा काही प्रकार नाही. दुर्बळता सगळ्या मुलांची सारखीच. फरक पडतो तो पाणी, दूध, स्वच्छता आणि वेळेवर धावून येणारा माणूस यांनी.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाचे प्रमुखपद देऊ केले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या. ते पद त्यांना कधीच सांभाळता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. डॉक्टर म्हणून हिंदुस्थानातील एकाही बाळंतिणीची खाट त्यांना गाठता आली नाही. मग त्यांचे जीवन वाया गेले का? माझ्या मते मुळीच नाही. बालकाचा मृत्यू हे नशीब नसून उत्तर शोधण्याजोगा प्रश्न आहे, असे एका मराठी मुलीने आपल्या आयुष्याची किंमत देऊन ठरवले. पुढच्या पिढ्यांनी ती उत्तरे एकामागून एक शोधली.

ती उत्तरे फार महागडी नाहीत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य लोक वाचवले. तीच आजची जलसंजीवनी. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस देणे आणि नाळ स्वच्छ पात्याने कापणे एवढ्यावर २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले गेले. आणि आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि ते संशोधन १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर आज देशभर आशाताई बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. आनंदीबाईंच्या बाळाच्या दहा दिवसांत अशा दोन भेटी बसल्या असत्या. २०२० साली भारताचा बालमृत्युदर हजारी २८ होता आणि महाराष्ट्राचा १६.

आकडे सुखावणारे आहेत खरे, पण मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावची मुलगी आहे. माझ्या आजीला नऊ मुले झाली. त्यांतली पाच जगली. गेलेल्या चौघांची नावे ती कधी घेत नसे, पण सीतादहीच्या दिवशी पऱ्हाटीला नैवेद्य दाखवताना बोटांवर मात्र नऊच मोजत असे. वेचणीच्या दिवसांत आजही बाया तान्ह्याला घेऊन वावरात जातात, बाभळीला झोळी बांधतात. फवारणी झालेल्या रानातला वारा त्या झोळीतूनही वाहतो. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मरण पावले, ती सारी धडधाकट माणसे होती. तेच विष दहा किलोच्या मुलाला किती पुरेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालील १२ मुलांना पोलिओ डोसाऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले आणि त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने मुले वाचली. मोठ्या माणसाला जे नुसते कडू लागेल, तेच लहानग्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरवू शकते. कारण त्याचे यकृत अजून कोवळे असते आणि साठा तुटपुंजा.

आमच्याच वर्गातली एक मैत्रीण बारावीनंतर महाविद्यालयात आली नाही. मुलीचे लग्नाचे वय १९७८ पासून कायद्याने अठरा आहे. तिचे लग्न झाले तेव्हा ते पुरे व्हायला सात महिने बाकी होते. मागच्या पौषात तिला मुलगी झाली, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. मी भेटायला गेले तेव्हा तिने त्या चिमुरडीला उघड्या छातीशी धरून वरून पातळ गुंडाळले होते. आशाताईंनी तसे शिकवले होते: आईच्या कातडीची ऊब हीच बाळाची शेगडी. दर दोन तासांनी चमच्याने काढलेले दूध, आंघोळ नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याने हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. सासूबाईंना हे सारे पटत नव्हते. दहाव्या दिवशी आंघोळ घालायचीच असा त्यांचा आग्रह होता. माझी ती मैत्रीण, जी वर्गात कधी मान वर करून बोलली नाही, तिने ठाम नकार दिला. मुलगी आता सहा महिन्यांची आहे आणि पाच किलोंच्या वर गेली आहे. मैत्रिणीचे शिक्षण मात्र सुटले ते सुटलेच.

मला या ठिकाणी गुरुजनांना आणि माझ्या सहाध्यायांना एवढेच सुचवावेसे वाटते. आपण कला शाखेचे विद्यार्थी; आपल्यातून डॉक्टर निघणार नाहीत. पण आपल्यातूनच शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, पत्रकार निघतील, आणि आई-बाप तर बहुतेक सर्वच होतील. श्वास मोजणे, मीठ-साखरेचे पाणी करणे, चीक पाजणे आणि मुलीचे लग्न तिच्या शिक्षणाआड येऊ न देणे, यासाठी फिलाडेल्फियाला जावे लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात आपण रस्ते झाडण्याबरोबर गावातल्या प्रत्येक नव्या बाळंतिणीच्या घरी एकदा तरी जाऊन यावे, घड्याळ बरोबर घ्यावे. आणि जी मुलगी वर्गातून नाहीशी झाली असेल, तिचे नाव हजेरीपटावरून खोडण्याआधी कुणीतरी तिच्या घरी जाऊन यावे. नवव्या वर्षी लग्न झालेल्या यमुनेला शिकवण्याचा हट्ट कुणीतरी धरला होता, म्हणूनच तिचे नाव आज आपल्या पुस्तकांत आहे.